नागपूरहून अंदमानला डाइव्ह करायला निघालात? आधी ‘वर येणं’ समजून घ्या

मनीषनगरच्या एका ताईंचा प्रश्न आहे, थोडक्यात असा: दिवाळीच्या सुट्टीत त्या, त्यांचे मिस्टर आणि इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला असलेला मुलगा अंदमानात हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला चालले आहेत. मुलगा चार दिवसांचा ओपन वॉटर, म्हणजे स्कूबाच्या परवान्याचा पहिला कोर्स करणार, हे दोघं एकेक डिस्कव्हर डाइव्ह, म्हणजे इन्स्ट्रक्टरसोबतची ओळखीपुरती डुबकी. कोर्सचं पुस्तक मोबाईलवर आलं, पण बॉटम टाइम, एनडीएल, सेफ्टी स्टॉप, ऑक्टोपस अशा शब्दांपाशी गाडी अडली. त्यात घरातल्या आजींनी सरळच विचारलं, “पाण्यात ऑक्सिजन संपला तं काय कराल?” ताईंनी परतीच्या तिकिटाची वेळही लिहून पाठवली आहे. त्या तिकिटाबद्दल मला शेवटी बोलायचंय.

मी धंतोलीचा. १६ वर्षं डाइव्ह करतोय, त्यातले सहा हंगाम अंदमानात डाइव्हमास्टर, म्हणजे पाण्याखालचा वाटाड्या, म्हणून काढले. आता उन्हाळ्यात इथल्या तरणतलावात मुलांना पाण्याखाली श्वास घ्यायला शिकवतो. पाचशे किलोमीटरच्या आत समुद्र नाही अशा गावात हा उद्योग करतो म्हणून लोक हसतात. हसू द्या.

ताई, आधी आजींना उत्तर देतो, कारण सगळ्यात मोठा गैरसमज त्यांच्याच प्रश्नात आहे. पाठीवरच्या त्या सिलेंडरमध्ये ऑक्सिजन नसतो, हवा असते. मनीषनगरात आहे तीच, फक्त गाळलेली, कोरडी केलेली आणि २०० बार, म्हणजे बाहेरच्या हवेच्या सुमारे दोनशे पट, दाबानं कोंबलेली. २१ टक्के ऑक्सिजन, बाकी जवळजवळ सगळा नायट्रोजन. आपल्या बातम्यांत दर वेळी ‘ऑक्सिजन सिलेंडर पाठीला बांधून’ असं छापून येतं आणि मी दर वेळी पेपर बाजूला ठेवतो. हा नुसता शब्दांचा कीस नाही. शुद्ध ऑक्सिजन साधारण ६ मीटरच्या खाली श्वासात घेतला, तर माणसाला फिट येऊ शकते, आणि पाण्याखाली फिट आली की श्वास घ्यायचा तोंडातला तुकडा, म्हणजे रेग्युलेटर, सुटतो. दुसरं असं, की डोक्यात ऑक्सिजन बसला की माणूस नायट्रोजनला विसरतो. डायव्हिंगमधले अर्धे नियम नायट्रोजनमुळे आलेत. उरलेले अर्धे फुगणाऱ्या हवेमुळे. आणि दोन्ही त्रास देतात ते खाली जाताना नव्हे, वर येताना.

पृष्ठभागावर आपल्या अंगावर हवेचा एक वातावरण दाब असतो. समुद्रात दर १० मीटरला आणखी एक वाढतो. १० मीटरवर दुप्पट, २० वर तिप्पट, ३० वर चौपट. बॉईलचा नियम मुलाला पाठ असेल: दाब दुप्पट झाला की वायूचं आकारमान निम्मं होतं. पण पाठ असणं वेगळं. मी पहिल्या दिवशी मुलांना एक प्रयोग दाखवतो. पाण्याची रिकामी बाटली झाकण घट्ट लावून तरणतलावाच्या खोल टोकाला, चारेक मीटर खाली नेतो. बाटलीची पोटं आत जातात, कडकड वाजते. मग तिथेच झाकण उघडून बाटली उलटी धरतो, रेग्युलेटरच्या बुडबुड्यांनी पूर्ण भरतो, झाकण आवळतो आणि वर घेऊन येतो. काठावर मुलांच्या हातात देतो. सोड्याच्या बाटलीसारखी टणक झालेली असते, बोटानं दाबली तर दबत नाही. झाकण फिरवलं की फस्स. फक्त चार मीटर!

आता ती बाटली म्हणजे तुमचं फुप्फुस समजा. झाकण लावणं म्हणजे श्वास रोखणं. १० मीटरवर छाती भरून श्वास घेतला आणि तोंड मिटून वर आलात, तर ५ लिटर हवेला पृष्ठभागावर १० लिटर जागा लागते. ती जागा शरीरात नाही. फुप्फुसाचा पापुद्रा फाटून हवा रक्तात शिरू शकते, तिथून मेंदूपर्यंत जाऊ शकते. हे व्हायला खोल जावं लागत नाही. भरलेल्या फुप्फुसानं सव्वा मीटरवरून वर येणंही पुरे होतं. म्हणून पुस्तकातला पहिला नियम, श्वास कधीही रोखू नका, हा सगळ्या नियमांचा बाप आहे. आपल्याकडे विहिरीत सूर मारणारी पोरं दम धरायला शिकलेली असतात. ती वर हवा घेऊन खाली जातात, त्यामुळे त्यांची हवा वर येताना फार तर मूळ मापाची होते. स्कूबात तुम्ही हवा खालीच घेता. ज्याला दम धरायची चांगली सवय, त्याला इथे जास्त जपावं लागतं. वर्गातला सगळ्यात पट्टीचा पोहणारा माझ्या डोळ्यासमोर असतो तो याच कारणानं.

नवख्याची दुसरी चूक बीसीडीची. बीसीडी म्हणजे ते हवा भरायचं जॅकेट. डाव्या खांद्यावरून येणाऱ्या नळीच्या टोकाला दोन बटणं: एक हवा आत घेतं, दुसरं बाहेर सोडतं. कुणालाही वाटेल की वर यायचं तर आत घ्यायचं बटण दाबायचं. लिफ्टसारखं. पण एकदा वर सरकू लागलात की जॅकेटमधली आधीचीच हवा फुगायला लागते, त्यानं वेग वाढतो, वेग वाढला की आणखी फुगते, आणि शेवटचे काही मीटर माणूस बुचासारखा वर उसळतो. म्हणून वर येताना नळी डोक्याच्या वर धरायची, पायांत घातलेले पंख हलवत पोहून यायचं आणि हवा थोडी थोडी सोडत राहायची. हा उलटा वाटणारा प्रकार हाताला बसायला दोन-तीन डाइव्ह लागतात. मुलाला सांगा, कोर्समध्ये याच कामाला सगळ्यात जास्त वेळ दे, माशांचे फोटो पुढच्या खेपेला.

वेगाचा आकडा मिनिटाला ९ मीटर. जुन्या पुस्तकांत १८ दिसेल, तो आता सोडून द्या. १८ मीटरवरून निघालात तर वर यायला किमान दोन मिनिटं, आणि वाटेत ५ मीटरवर तीन मिनिटांचा थांबा. हाच सेफ्टी स्टॉप. तो तिथे का? शेवटच्या टप्प्यात दाब सगळ्यात झपाट्यानं बदलतो म्हणून. ३० वरून २० मीटरला येताना हवा फक्त एक तृतीयांशानं फुगते. १० वरून वर येताना ती दुप्पट होते. काठ जवळ दिसतो तेव्हाच घाई आवरायची असते.

आता नायट्रोजन. दाब जास्त तितका वायू द्रवात जास्त विरघळतो. खाली असताना श्वासातला नायट्रोजन रक्तात, चरबीत, सांध्यांत मुरत जातो. तो काही करत नाही, नुसता बसून राहतो. सावकाश वर आलात तर फुप्फुसांवाटे निघून जातो. घाईनं आलात तर इतवारीतल्या गोटी सोड्याची गोटी आत ढकलल्यावर जे होतं, ते अंगात होतं. यालाच डीकॉम्प्रेशन सिकनेस म्हणतात, डायव्हर ‘बेंड्स’ म्हणतात. गंमत म्हणजे हा रोग लोकांना माहीत झाला तो पुलाच्या मजुरांमुळे. नदीच्या तळाशी पाया खणताना पाणी बाहेर ठेवायला दाबाच्या हवेनं भरलेल्या पेट्या वापरत, त्यांतून बाहेर आलेली माणसं वेदनेनं वाकून चालायची. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचा मुख्य इंजिनिअर वॉशिंग्टन रोब्लिंग १८७२ मध्ये यानंच कायमचा अधू झाला, आणि पुढचं काम त्याच्या पत्नीनं, एमिलीनं, त्याच्या वतीनं पुरं करून घेतलं. किती थांबत थांबत वर यायचं याचं पहिलं शास्त्रीय कोष्टक जे. एस. हाल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञानं १९०८ मध्ये मांडलं, तेही शेळ्यांवर प्रयोग करून.

एनडीएल म्हणजे नो-डीकॉम्प्रेशन लिमिट. एखाद्या खोलीवर इतकी मिनिटं राहिलात, तर वाटेत सक्तीचे थांबे न घेता सरळ वर येता येतं, अशी ती मर्यादा. पाडी (PADI) या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या, खूप वापरल्या जाणाऱ्या कोष्टकात पहिल्या डाइव्हसाठी १८ मीटरला ५६ मिनिटं आहेत, ३० मीटरला २०, आणि ४० मीटरला अवघी ९. हौशी डायव्हरची शेवटची हद्द ४० मीटर. तुमच्या मुलाचा परवाना १८ मीटरचा असेल, तुमची डिस्कव्हर १२ मीटरच्या आत. बॉटम टाइम म्हणजे नुसतं तळाशी घालवलेला वेळ नव्हे. कोष्टकात तो पाण्यात शिरून खाली निघाल्यापासून वर यायला सुरुवात करेपर्यंत मोजतात. इथे पोरं हमखास चुकतात, खाली पोचल्यावर घड्याळ बघायला लागतात.

आजींचा खरा प्रश्न आता घेऊ, हवा किती पुरते. हे गणित स्वतः करून बघा, अंगावर येतं. नेहमीच्या अॅल्युमिनिअम सिलेंडरची पोकळी ११ लिटर, त्यात २०० बार म्हणजे २,२०० लिटर हवा. शेवटचे ५० बार हात न लावता बोटीवर परत आणायचे असतात, म्हणून हिशेबाला १५० बार, १,६५० लिटर. नवखा माणूस मिनिटाला २० लिटर तरी ओढतो. पृष्ठभागावर हे ८२ मिनिटं पुरेल. १० मीटरवर प्रत्येक श्वासात दुप्पट हवा लागते, म्हणून ४१ मिनिटं. १८ मीटरवर २९. म्हणजे पहिल्या डाइव्हला एनडीएलच्या ५६ मिनिटांपर्यंत पोचायच्या कितीतरी आधी हवाच तुम्हाला वर आणते. दुपारच्या डाइव्हला मात्र सकाळचा नायट्रोजन अंगात शिल्लक असतो, मर्यादा आखडते. मधल्या विश्रांतीला सरफेस इंटरव्हल म्हणतात, आणि ती किती घेतली यावर ती मर्यादा किती आखडते हे ठरतं. मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर हे सगळं मिनिटामिनिटाला मोजतो. पण तो ज्याच्या हातात त्याचंच मोजतो. दोघांत एक कॉम्प्युटर चालत नाही, हे मी मित्रांना सांगून थकलो.

आणि तरीही संपलीच हवा, तर? त्यासाठी ऑक्टोपस. प्रत्येकाच्या सिलेंडरला तोंडात घ्यायचे दोन तुकडे असतात. एक आपला, दुसरा पिवळ्या रंगाचा, जोडीदाराला द्यायचा. जोडीदार म्हणजे बडी. बडी दहा मीटर पुढे कासवामागे गेला असेल तर तो पिवळा तुकडा असून नसल्यासारखा. दोन-तीन वेळा पाय मारून गाठता येईल इतकंच अंतर ठेवायचं. बोटीवरून उतरण्याआधी एकमेकांचं सामान हातानं तपासा: जॅकेट भरतंय-सोडतंय का, वजनाचा पट्टा एका झटक्यात सुटेल का, बकलं लागलीत का, सिलेंडरची चावी पूर्ण उघडी आहे का. चावी तपासायची रीत अशी: सिलेंडरमधला दाब दाखवणाऱ्या काट्याकडे बघत रेग्युलेटरमधून चार श्वास घ्यायचे. काटा थरथरला तर चावी अर्धवट आहे. नुसता ‘हो रे, आहे उघडी’ हा जबाब मी घेत नाही.

खुणांचा एक किस्सा सांगतो, कारण तो प्रत्येक नागपुरी ग्रुपमध्ये घडतो. पाण्याखाली ‘ठीक आहे’ म्हणजे अंगठा आणि तर्जनीचा गोल. नुसता वर केलेला अंगठा म्हणजे ‘वर चला’. आमच्याकडे आलेले सदरचे एक काका, नऊ मीटरवर प्रवाळ पाहून हरखले आणि मला जोरात अंगठा दाखवला. मी त्यांचा हात धरून वर आणायला लागलो. ते आणखी जोरात अंगठा दाखवायला लागले. वर आल्यावर रेग्युलेटर काढून ओरडले, “काऊन आणलं बे वर? मी मस्त म्हणून राहिलो होतो!” पैसे त्यांचे वाया गेले, पण माझं चुकलं नाही. वरची खूण आली की ‘का’ विचारायचं नसतं. आणखी दोन खुणा घरीच पाठ करा: तळहात आडवा धरून हलवला की काहीतरी बिघडलंय, आणि गळ्यावरून आडवा हात फिरवला की हवा संपली. मान डोलावून होकार देण्याची आपली सवय पाण्यात निरुपयोगी आहे.

कानांबद्दल थोडं. पहिल्या एक-दोन मीटरमध्येच कान दाबल्यासारखे वाटतात. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारायची, दुखायच्या आधी, दर अर्ध्या-एक मीटरला. नाही सुटलं तर थोडं वर येऊन पुन्हा. जोर लावायचा नाही. पोहण्याचे गॉगल चालत नाहीत, त्यात नाक बाहेर राहतं. मास्कच्या आत दाब सारखा करायला नाकातून हवा सोडावी लागते, नाहीतर डोळ्यांभोवती रक्त साकळतं. सर्दी असेल तर डाइव्ह रद्द. नाक मोकळं करायची गोळी घेऊन जाऊ नका. माझ्या दुसऱ्या हंगामात मी ती घेऊन गेलो. जाताना सगळं सुरळीत. चाळीस मिनिटांनी वर येताना गोळीचा अंमल उतरला होता. आठ मीटरवर कपाळात कुणीतरी खिळा ठोकतोय असं वाटलं. सायनसमध्ये अडकलेली हवा फुगत होती आणि तिला वाट नव्हती. दोन मीटर परत खाली, मग वीतभर वर, थांब, पुन्हा वीतभर. काटा ४० बारवर येईपर्यंत तसं चाललं. बोटीवर मास्क काढला तर आतून लाल. खाली न जाणं नेहमी आपल्या हातात असतं, वर येणं नसतं. ते त्या दिवशी कळलं.

नार्कोसिस आणि नायट्रॉक्स हे शब्द सध्या बाजूला ठेवा. पहिला म्हणजे साधारण ३० मीटरच्या आसपास नायट्रोजनमुळे येणारी गुंगी, दुसरा म्हणजे जास्त ऑक्सिजनची हवा. दोन्ही पुढच्या कोर्सचे विषय.

पोहण्याबद्दल ताईंनी चाचरत विचारलंय. डिस्कव्हर डाइव्हला पोहता येण्याची अट नाही, इन्स्ट्रक्टर तुम्हाला धरून नेतो. मुलाला मात्र २०० मीटर पोहून आणि दहा मिनिटं तरंगून दाखवावं लागेल, तेव्हा आतापासून तलाव गाठू द्या. इथे गोड्या पाण्यात जितकं वजन कमरेला लागतं, त्यापेक्षा समुद्रात दोनेक किलो जास्त लागेल. आरोग्याचा फॉर्म खरा भरा. दमा, हृदयविकार, फिट, कानाचं ऑपरेशन, गरोदरपण यांतलं काहीही असेल तर इथूनच डॉक्टरांची सही घेऊन जा. आदल्या रात्री दारू नाही, आणि पाणी भरपूर. अंगात पाणी कमी असेल तर बेंड्सची शक्यता वाढते.

बोटीवर चढल्यावर सेंटरच्या माणसाला एक विचारा: “ऑक्सिजन कुठे आहे?” आता हा शब्द बरोबर आहे! डाइव्हनंतर सांधा दुखणं, मुंग्या, बधिरपणा, चक्कर, कारण नसताना गळाठा, अंगावर चट्टे, यांतलं काही दिसलं तर शुद्ध ऑक्सिजन हाच पहिला उपचार, म्हणून त्याचा वेगळा सिलेंडर बोटीवर हवा. आडवं झोपवायचं, मास्कनं ऑक्सिजन द्यायचा, डॉक्टर गाठायचा, आणि जवळचं रीकॉम्प्रेशन चेंबर, म्हणजे उपचारासाठी पुन्हा दाब देणारी बंद खोली, कुठे आहे हे त्या माणसाला आधीच ठाऊक असायला हवं. ‘पुन्हा खाली नेऊन आणू, बरा होईल’ असं कुणी म्हणालं तर नाही म्हणा. सिलेंडर दाखवायला टाळाटाळ झाली तर माझ्या मते त्या सेंटरचे पैसे सोडून द्यावेत.

आता तिकीट. तुमच्या कार्यक्रमात चौथ्या दिवशी मुलाचे शेवटचे दोन डाइव्ह दुपारी आहेत, चार वाजता बाहेर, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातचं विमान. मध्ये रात्र आहे म्हणून तुम्हाला पुरेसं वाटलं असेल. मोजा: पंधरा तास. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हिंग सुरक्षेच्या संस्थेचा सल्ला एका डाइव्हनंतर किमान १२ तासांचा आणि अनेक दिवसांच्या किंवा वारंवार डाइव्हनंतर किमान १८ तासांचा आहे. विमानाच्या केबिनमधला दाब ८,००० फुटांपर्यंतच्या उंचीइतका कमी असू शकतो, म्हणजे चिखलदऱ्याच्या दुपटीहून जास्त उंचीवर जाऊन बसल्यासारखं. शरीराच्या हिशेबी तेही वर येणंच, फक्त सेफ्टी स्टॉपशिवाय. मालवणहून गाडीनं परतणाऱ्यांना घाट चढतानाही हा हिशेब ठेवावा लागतो. सहा-सात मीटरच्या एका डाइव्हला तेवढी चिंता नाही, पण दिवसभर खोल डाइव्ह करून संध्याकाळी लगेच घाट नको. आपलं नागपूरसुद्धा समुद्रसपाटीपासून ३१० मीटरवर आहे, आणि पुस्तकातलं उंचीवरचं डायव्हिंग ३०० पासून सुरू होतं. सुट्टीच्या दिवशी हा मुद्दा कोण लक्षात ठेवतो म्हणा.

उपाय सोपा आहे, तिकीटही बदलायला नको. सेंटरला आजच फोन करून चौथ्या दिवसाचे डाइव्ह सकाळी सातला घ्यायला सांगा. अकराच्या आत मुलगा पाण्याबाहेर, सातच्या विमानापर्यंत वीस तास. तुमची दोघांची डिस्कव्हर दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी उरका. चौथ्या दिवशी दुपारची फेरीबोट पकडून पोर्ट ब्लेअरला, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमला, या आणि उजेड असेल तर संध्याकाळी सेल्युलर जेल बघा. सेंटरवाले ‘पंधरा तासांनी काही होत नाही’ म्हणतील. त्यांना तिकिटाची वेळ व्हॉट्सअॅपवर पाठवून लेखी होकार मागा, वेळ बदलून मिळेल.